सरकीच्या डब्यावरची चिठ्ठी

किराणा दुकानात गिऱ्हाईक पिशवी भरून नेतं आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातं. नवीन जालन्यातल्या आमच्या दुकानात वर्षभरात इतके साठलेत, की मी फोनवर सांगायला लागले की आई म्हणते, "बास कर बाई, माझी भाजी करपली."

सगळं सुरू केलं माझ्या सासऱ्यांनी, आबांनी. शाळेतून रिटायर झालेल्या एक मॅडम आल्या आणि विचारलं, "सरकीचं तेल जीएमचं, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकाचं असतं का हो?" मी आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "सरकी म्हंजे कपाशीचं बी. आपल्याकडं आता बीटीशिवाय कपाशी राह्यलीय कुठं? हेच तुमचं जीएम."

तिथल्या तिथं त्यांनी डब्यावर चिठ्ठी चिकटवली: 'बीटी कपाशीच्या सरकीचं तेल'. मग शेंगदाणा तेलावर 'बीटी नाही'. परदेशातून आलेल्या सोयाबीन तेलावर 'आम्हाला माहीत नाही'. "चांगलं लिहिलं न्हाई, वाईट लिहिलं न्हाई. आहे ते लिहिलं," आबा म्हणाले. हेच दुकानाचं धोरण.

*

पहिल्याच आठवड्यात जाफराबादकडचे एक काका सरकीच्या डब्यापाशी थबकले. "हे बीटीचं तेल खायचं व्हय आम्ही?"

आबांनी विचारलं, "शेतात काय लावलंय यंदा?"

"सहा एकर बीटी."

"मंग?"

"आम्ही लावतो, खात न्हाई."

"मंग खातं कोण?"

काकांनी जरा विचार केला. "तुमचं गिऱ्हाईक," म्हणाले आणि शेंगदाण्याचा डबा घेऊन गेले.

*

'माहीत नाही' या चिठ्ठीवर माझा नवरा वैतागला होता. दुकानदारालाच माहीत नाही म्हटल्यावर कोण घेणार? त्याचं बोलणं संपायच्या आत एक रिक्षावाले दादा चिठ्ठी वाचून हसायला लागले.

"चाळीस वर्षांचा झालो, पण 'मला माहीत न्हाई' म्हणणारा दुकानदार पह्यल्यांदा पाह्यला. याच्यातलाच डबा द्या."

*

एकदा मिठाचा सेल्समन आला. पुड्यावर मोठ्या अक्षरात 'जीएम-मुक्त मीठ'. दर जास्त. आबांनी पुडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या गल्लोगल्ली, त्यामुळं आबांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मिठाचं बी कोणत्या कंपनीचं वापरता?"

तो पोरगा गंभीरपणे म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." अजून सांगायचाय.

*

बियाण्याच्या कंपनीतले एक साहेब आले आणि थेट सरकीच्या डब्यापाशी गेले. चिठ्ठीवरून भांडणार, असंच वाटलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मोबाईलवर फोटो काढला.

"पंधरा वर्षं कपाशीचं बियाणं विकतोय," ते म्हणाले. "पण त्याचं तेल होऊन दुकानात येतं, हे चिठ्ठी लावून सांगणारं तुमचंच दुकान भेटलं. दोन डबे द्या." नंतर त्यांनी ऑफिसातले आणखी चारजण पाठवले.

*

आता शिवाभाऊंचं सांगते. त्यांचा फरसाणाचा कारखाना. आमचं निम्मं तेल एकटे तेच उचलायचे, सगळं सरकीचं. एक दिवस येऊन म्हणाले, "तुमची चिठ्ठी वाचून लोक माझ्या फरसाणाची चौकशी करू राह्यले. चिठ्ठी काढा, न्हाईतर मी दुसरं दुकान बघतो."

घरात वादावादी झाली. मी म्हटलं, "खरं लिहिलंय, का काढायचं?" नवरा म्हणाला, "शिवाभाऊ गेले तर दुकान चालंल का?" दुपारी आबा जेवायला गेले आणि त्यानं सगळ्या चिठ्ठ्या काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या. आबांनी आल्यावर पाहिलं आणि वही उघडून उधारी लिहीत बसले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि नवऱ्याचा रागही आला.

चार दिवसांनी शिवाभाऊ बायकोला घेऊन आले. घरचं महिन्याचं सामान घ्यायचं होतं. वहिनी तेलाच्या डब्यांपाशी गेल्या आणि इकडं तिकडं बघायला लागल्या.

"चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

नवरा खाली बघून डाळ जोखत राहिला. शिवाभाऊ रस्त्याकडं बघत होते. मीच विचारलं, "वहिनी, तुम्हाला बीटीचं चालत न्हाई का?"

"मला कोणतंही चालतं. घरी सरकीचंच खातो आम्ही."

"मंग चिठ्ठी कशाला पाहिजे?"

"अहो, आमच्या घराखाली दोन दुकानं आहेत. ती सोडून मी रिक्षा करून इथं येते. जो माणूस आपल्याच मालावर असं लिहितो, तो डाळीत, तिखटात काय फसवणार? आता चिठ्ठ्याच न्हाईत, तर मी इथं तरी कशाला येऊ?" त्या शिवाभाऊंकडं वळल्या. "चला हो, घराखालीच घेऊ."

वहिनींनी पिशवी उचलली. शिवाभाऊ माझ्याकडं न बघता काउंटरपाशी आले.

"चिकटपट्टी कुठंय?" त्यांनी विचारलं.