आईंच्या मापाची गाडी

आमच्या ह्यांना उंचीचं फार कौतुक. स्वतः पाच फूट चार इंच आहेत, म्हणूनही असेल. घर बांधताना जोतं शेजाऱ्यांपेक्षा एक चिरा वर घेतलं, पाण्याची टाकी अशी वर चढवली की साफ करायला माणूस मिळेना, आणि गेल्या वर्षी आमची गुणी छोटी गाडी विकून जी काळी धिप्पाड गाडी आणली, तिच्या पलीकडे उभा असलेला माणूस मला दिसायचाच नाही. त्या वर्षात आमच्या घरात 'ग्राउंड क्लिअरन्स' हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं गेलं नसेल. दूधवाल्याला, पोस्टमनला, माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना, सगळ्यांना ह्यांनी वाकून गाडीच्या पोटाखाली बघायला लावलं. बघणाराही बिचारा बघायचा आणि "व्वा" म्हणायचा. दुसरं करणार काय?

गाडी दारात आली त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी तिला ओवाळलं, चाकापुढे नारळ फोडला आणि मुलाच्या कपाळाला कुंकू लावलं. मग ह्यांनी ऐटीत मागचं दार उघडून म्हटलं, "आई, बस. पहिला मान तुझा." आईंनी एकदा त्या पायरीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"मी काय माडावर चढणारी हाय काय रे?" त्या म्हणाल्या. "माडाला निदान खाचा तरी असतात."

आईंचं वय शहात्तर. डोकं माझ्यापेक्षा तल्लख, पण गुडघे अगदीच गेलेले. आम्ही स्टूल आणून बघितलं, ते डगमगलं. मग ह्यांनी मागून आधार देतो म्हणत त्यांना ढकलायला सुरुवात केली आणि मी आत बसून हात ओढत होते. तेवढ्यात कुंपणाच्या गडग्यापलीकडून शेजारीण "काय भरताय गाडीत?" म्हणाली. आई तिथल्या तिथे खाली उतरल्या, पदर नीट केला आणि घरात गेल्या. त्यानंतर वर्षभर त्या गाडीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. डॉक्टरकडे जायचं तरी त्या रिक्षानं जायच्या, आणि ह्यांना चैन पडत नसे म्हणून हे रिकामी गाडी घेऊन मागून जायचे. पुढे रिक्षा, मागे आमची गाडी. मंत्र्याचा ताफा निघाल्यासारखं दिसायचं.

मी हसत असे. पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. जयगडच्या खाडीपलीकडे आईंची मोठी बहीण राहायची. छोटी गाडी होती तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी आई तिकडे जायच्या. मोठी गाडी आली आणि ते जाणं थांबलं. एसटीची पायरी तर गाडीच्याही वर, आणि तेवढ्या लांब रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नव्हते. मावशीही इकडे येऊ शकत नव्हत्या, कारण त्यांची गाय होती आणि माडांचं शिंपणं होतं. फोनचाही उपयोग नव्हता, कारण मावशींना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. मुलानं मुंबईहून आणलेलं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं होतं. आई फोनवर ओरडून विचारायच्या, "अक्का, जेवलीस काय?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "होय, गाय बरी हाय."

मग एक दिवस कळलं की गाय विकली. मावशींचा मुलगा त्यांना कायमचं मुंबईला नेणार होता, आणि पंधरा दिवसांनी येणारा रविवार हा मावशींचा गावातला शेवटचा दिवस होता.

त्या संध्याकाळी आई जेवल्या नाहीत. मी म्हटलं, "भाड्यानं एखादी लहान गाडी करूया." ह्यांचा चेहरा पडला, पण ते तयार झाले. तयार झाल्या नाहीत त्या आई. "मुलग्यानं एवढी गाडी घेतलीन आणि आय भाड्याच्या गाडीतनं आली, असं तिथं कोण म्हणालं तर?" ह्यांच्यात ही ऐट कुठून आली, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी हे मला घेऊन मिरजोळ्याला गेले. तिथे एमआयडीसीत एका चाचांचं गॅरेज आहे. चाचा पंचवीस वर्षं आखातात होते आणि तिथल्या श्रीमंत पोरांच्या गाड्या खाली घेणं हा त्यांचा हातखंडा. स्प्रिंगा बदलायच्या, मागच्या चाकांवरच्या लोखंडी पाट्यातलं एखादं पान काढायचं, की गाडी जमिनीला चिकटल्यासारखी पळते, असं ते सांगत.

"तुमच्याच तोंडून हे ऐकायचं होतं," चाचा ह्यांना म्हणाले. "गेल्या महिन्यात मला वाकवून खालनं गाडी दाखवलीत. आता खाली घ्या म्हणता?"

"आईला चढता येत नाही," हे म्हणाले.

चाचांची थट्टा तिथेच थांबली. त्यांनी फडक्याला हात पुसले. "मग इंचात नका सांगू. आईचं पाऊल किती वर उचलतं, ते बघून या."

घरी आल्यावर मापं घेण्याचा जो सोहळा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. अंगणात एक चिरा ठेवला. आई त्यावर सहज चढल्या. चिऱ्यावर एक पाट ठेवला. माझा खांदा धरून चढल्या. दोन पाट ठेवले तेव्हा पाय हवेतच थांबला आणि आई म्हणाल्या, "बास. पुढं तुझा बाप पण चढला नसता." हिशोब पक्का झाला: एक चिरा, एक पाट. टेपनं मोजून ते कागदावर लिहून देता आलं असतं, पण ह्यांचा कशावर विश्वास नाही. ते आमच्या जेवणाचा पाटच काखेत मारून मिरजोळ्याला गेले. चिरा तिथला तिथे मिळाला. चार दिवस चाचा गाडीखाली झोपून काम करत होते आणि शेजारी चिऱ्यावर आमचा पाट ठेवलेला होता. गाडी तीन इंच खाली आली, तिला एक रुंद फूटबोर्ड खाली लटकवला, आणि तो बरोबर पाटाच्या पातळीला आला.

गाडी परत आली तेव्हा आई पायात चपला घालून तयारच होत्या. उजवा पाय फूटबोर्डवर, हात दाराच्या कडीला, आणि बसल्याही. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. बसल्यावर त्यांनी सीटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरी हाय की गाडी. आधी सांगायचंत." ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं आईसाठी होतं आणि निम्मं गाडीसाठी, हे मी शपथेवर सांगते. कारण खाली बसलेली ती गाडी आता दारात अशी दिसायची की जणू कुणीतरी तिला रागावलं आहे.

रविवारच्या आदल्या दिवशी आईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या पुनव. नवाच्या सुमारास निघूया." त्यांचे वडील त्याच खाडीवर तरीवाले होते, माणसं अलीकडून पलीकडे न्यायचे. त्यामुळे भरती-ओहोटी आईंच्या बोटांवर असते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. पुनवेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा.

"नऊला कशाला? सहाला निघू," हे म्हणाले. "तेवढाच जास्त वेळ मिळेल तुला."

"सकाळचं पाणी खाली असतं रे. बोटीला उतार लय होतो."

"असू दे की. आपल्या गाडीला काय फरक पडतो? ग्राउंड क्लिअर..."

वाक्य तिथेच अर्धवट राहिलं, पण सवय अशी की निर्णय बदलला नाही. सहाला निघालो. आईंच्या मांडीवर खापरोळ्यांचा डबा आणि माझ्या मांडीवर त्या बुडवून खायच्या नारळाच्या रसाची किटली. गाडी खाली घेतल्यापासून कडक झाली होती, प्रत्येक गतिरोधकावर अंग हलायचं आणि थोडा रस ह्यांच्या लाडक्या सीटवर सांडायचा. दर गतिरोधकाला हे खाली उतरून पोटाखाली बघायचे. वर्षभर लोकांना वाकवलं, आता स्वतः वाकत होते.

सव्वासातला जयगडच्या धक्क्यावर पोचलो. पाणी लांब गेलेलं, धक्क्याचा उतार शेवाळ्यापर्यंत उघडा पडलेला. खाली फेरीबोट आपली फळी टाकून उभी होती. उतार संपतो आणि फळी वर चढू लागते, तिथे चांगलाच कोपरा झाला होता. ह्यांनी गाडी हळूच उतरवली. पुढचं नाक फळीपाशी पोचलं आणि असा आवाज झाला की खाडीतले बगळे उडाले. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

बोटीवरचा खलाशी धावत आला. "साहेब, मागं घ्या, मागं घ्या! नाक पण लागलं आणि हा फूटबोर्ड पण लागंल. पाणी चढूपर्यंत थांबायला लागंल तुमाला." त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "एवढी मोठी गाडी आणि अशी बसवलीत कशाला?"

ह्यांनी रिव्हर्स गिअर टाकला. गाडी मागे घेऊन वर सपाटीवर लावली, कारण त्या शेवाळलेल्या उतारावरून आईंचे गुडघे पायी बोटीपर्यंत पोचणारे नव्हते. आई शांतपणे म्हणाल्या, "साडेनवाशिवाय जमायचं नाय." मी सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि तेच ह्यांना जास्त लागलं.

ज्या दिवसातला प्रत्येक तास मोलाचा होता त्या दिवसाचे सव्वादोन तास गेले, म्हणून मला नवऱ्याचा भयंकर राग आला होता. मी पलीकडे फोन केला. मावसदिरांनी उचलला. मागे सामान ओढल्याचे, माणसांच्या बोलण्याचे आवाज. निरोपाला सगळा गाव लोटला होता. त्यांना म्हटलं, आम्हाला उशीर होतोय, गाडी बोटीत चढत नाही.

पुढची फेरी अलीकडे आली. दोन मोटारसायकली उतरल्या, मासळीची एक टोपली उतरली, आणि त्यांच्या मागून, हातात चप्पल घेऊन, एक वाळकी म्हातारी उतार चढून येऊ लागली. मावशींचं घर पलीकडच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. निरोप कळल्यावर त्या कुणाला न सांगता उठून बोटीत बसल्या होत्या. कान गेले तरी पाय अजून चांगले होते.

मी दार उघडलं. मावशींनी गाडीकडे बघितलं, फूटबोर्डवर पाय ठेवला आणि ओट्यावर बसावं तशा आत बहिणीशेजारी जाऊन बसल्या. ह्यांनी काचा वर घेतल्या. समुद्राचा वारा, बोटीचं इंजिन, सगळं बाहेर राहिलं. आईंनी मावशींच्या कानाशी तोंड नेऊन हाक मारली, "अक्का!"

"ऐकू येतंय गो," मावशी म्हणाल्या. "ओरडतेस काय?"

मग त्या दोघी बोलल्या. बापाच्या तरीतून पाण्यात कुणी कुणाला ढकललं होतं, यावर भांडल्या. आई म्हणाल्या तू, मावशी म्हणाल्या तू, आणि दोघींनीही तो मार आपणच खाल्ला असं ठासून सांगितलं. डब्यातल्या खापरोळ्या किटलीत बुडवून सीटवरच खाल्ल्या. रस सांडला. ह्यांनी आरशातून बघितलं आणि नजर खाडीकडे वळवली. मावशींनी एकदा विचारलं, "मुंबईत बाराव्या मजल्यावर करायचं काय गो मी?" आईंनी मावशींचा हात घेऊन मांडीवर ठेवला.

साडेनऊला खलाशानं हात केला. ह्यांनी वळून विचारलं, "आई, जाऊया?" आईंनी खिडकीतून पाण्याकडे पाहिलं. "नाय रे. थोडं चढू दे अजून."

एक फेरी गेली, आणखी एक गेली. पलीकडे घरात बांधलेली बोचकी होती, निरोपाला आलेली माणसं होती, ट्रकची वाट बघणारा मुलगा होता. इथे दोघीच होत्या. सव्वाअकराला खाडी काठोकाठ भरली आणि बोटीची फळी आमच्या ओटीसारखी सपाट झाली. त्यावरून खेळण्यातली मोटारही गेली असती. खलाशी स्वतः चालत आला आणि काचेवर टकटक केलं. "चला साहेब. यापुढं पाणी चढणार नाय, उतरणारच."

आम्ही दोघांनी मागे बघितलं. आई मावशींच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. त्यांनी पाण्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"अजून नाय भरलं," त्या म्हणाल्या.

तरीवाल्याची मुलगी असं म्हणाली. ह्यांनी एकदा काठाला टेकलेल्या पाण्याकडे बघितलं, काच खाली घेतली आणि खलाशाला म्हणाले, "गाडी फारच खाली घेतलीय हो आम्ही. अजून थोडं पाणी लागेल." वर्षभरात नवऱ्याचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला.

खलाशानं गाडीकडे बघितलं, मग मागच्या सीटकडे बघितलं. तो परत गेला, आणि फळी उचलून बोट आमच्यावाचून सोडली.