लेकीच्या बेंबीतलं रक्त

मला फिट येते हे आमच्या इतवारीतल्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा आली, तेव्हा वडिलांनी सदरमधल्या डॉक्टरांकडे नेलं आणि रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी आराम पडला. लग्न ठरलं तेव्हा आईने एकच शिकवण दिली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरी तोंड उघडशील तर पाय ठेवाले जागा रायनार नाही." मग गोळ्या शिकेकाईच्या डब्यात गेल्या. सासरी काटोलकडे न्हाण्याच्या दिवशी मी तो डबा कुणाला हात लावू देत नसे. केसांची फार निगा राखते म्हणून नणदा मला चिडवायच्या.

पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, घरातच झालं. मुलगी झाली. निरोप मिळताच सासूबाई एसटीने आल्या, डिंकाचे लाडू घेऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी लंगोट बदलताना आईला बेंबीजवळ ओलं लागलं. बघितलं तर रक्त. सुईण बोलावली. तिने नाळ पुन्हा आवळून बांधली, वर हळद दाबली. कापड लाल झालं, दुसरं ठेवलं, तेही झालं. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. सुईणीने बांधलं ढिलं, म्हणून तिला चार शब्दही ऐकवले. बिचारीचा काही दोष नव्हता. तेवढ्यात लेकीच्या नाकातूनही रक्त आलं, आणि मी ओरडले, "रिक्षा बोलवा!"

सायकलरिक्षात मी आणि आई, मांडीवर लेक. मागच्या रिक्षात सासूबाई. पोर रडतही नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बाळाला तपासलं, सुई आणायला नर्सला पाठवलं आणि विचारलं, "बाळंतपणाआधी कसल्या गोळ्या चालू होत्या का?"

"काहीच नाही जी," आई म्हणाली. मला विचारलं होतं, उत्तर तिने दिलं. पदराखाली तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. सासूबाई माझ्या पाठीमागे उभ्या होत्या, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या घराचा हात कुणी धरला नसता. पण इथे ताक नव्हतं, माझं पोर होतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी माझ्याकडे बघून. मी मनगट सोडवून घेतलं. म्हटलं, "मला फिट येते. रोज गोळी घेते. पोटुशी होते तेव्हाही घेत होते."

त्यांनी मान हलवली. फिटच्या काही गोळ्यांनी पोटातल्या बाळाला व्हिटॅमिन के कमी पडतं, मग त्याचं रक्त गोठत नाही, असं त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण पुढच्या खेपेला आधीच डॉक्टरांना सांगायचं आणि बाळ जन्मल्याबरोबर ही सुई द्यायची. लेकीच्या इवल्या मांडीत सुई गेली आणि ती रडली. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

संध्याकाळपर्यंत रक्त थांबलं. सासूबाईंनी नातीच्या कपाळावरून हात फिरवला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गावी निघून गेल्या. "झालं समाधान?" आई म्हणाली. "आता बस जन्मभर माह्या उरावर." घरी आल्यावर फाटकाची कडी वाजली की मी लेकीला उचलून आतल्या खोलीत जायची. वाटायचं, आता कुणीतरी सांगायला येणार, नात तेवढी पाठवा, तुमची लेक तुमच्याकडेच राहू द्या.

बारशाला सासूबाई आल्या, झबली-टोपडी घेऊन. आई त्यांच्या पायाच पडली. "माफ करा इहीणबाई, आम्ही लपवलं."

"उठा वं," सासूबाई म्हणाल्या. "मले पहिल्याच महिन्यात दिसल्या होत्या गोळ्या. शिकेकाईच्या डब्यात. गावच्या डॉक्टरले दाखवून आणली एक. काहाची गोळी हाय ते समजलं मले."

आईला रडू फुटलं, सुटकेचं. मला मात्र हायसं वाटायच्या आधी दवाखाना आठवला.

मी सासूबाईंना विचारलं, "मंग आत्याबाई, दवाखान्यात ती बाई विचारून राहिली होती, तवा तुम्ही काहून नाही बोलल्या?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, "इहीण हाये माही. तिची झाकलेली गोष्ट मी चारचौघात कशी उघडू? मले वाटलं, तुही माय बोलन."

बाया पाळण्याशी जमल्या होत्या, आजीच्या हातून बाळ पाळण्यात घालायचं म्हणून हाका मारत होत्या. त्या दिवशी मी लेकीला दोघींपैकी कुणाच्याही हातात दिलं नाही.