घरातली सगळ्यात गार भिंत

भट्टीबाबांनी एकोणचाळीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर काढली. लाकडावरची भट्टी, तिचं तोंड छातीएवढ्या उंचीवर आणि हातात लांबच लांब दांड्याची लाकडी फळी. पाव आत सरकवायचे, भाजले की ओढून घ्यायचे. या कामात त्यांची उजवी भुवई जळाली ती पुन्हा काही उगवली नाही. भट्टी तापली की नाही हे बघायला ते आत मूठभर पीठ फेकत आणि ते किती वेळात तांबूस होतं ते बघत. मालकाने हौसेने तापमापक आणला, तर बाबांनी तो खिळ्याला अडकवला आणि त्यावर आपला पंचा वाळत घालायला सुरुवात केली.

असा माणूस निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय करणार? पंधरा दिवस, रोज दुपारी बरोबर दोन वाजता, त्यांनी घरातल्या एकेका भिंतीला तळहाताची मागची बाजू लावून बघितली. हॉलची भिंत नापास झाली, झोपायच्या खोलीची नापास झाली. शेवटी स्वयंपाकघरामागच्या बोळातली उत्तरेची भिंत पास झाली. बोळ एक खुर्ची मावेल एवढाच, पण टोकाला जाळी आणि जाळीतून वारा. तिथे वेताची खुर्ची टाकून बाबा जे बसले ते सहा वर्षं बसूनच होते. "आयुष्यभर भाजून घेतलं, आता गार बसणार," असं आल्यागेल्याला ऐकवत. माणूस खरोखर सुखी होता. उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही.

घरात दुसरी एक भट्टी होती, ती सुनेची. सून दातांच्या कॅप बनवते. डॉक्टरांकडून दातांचे ठसे येतात, मग ती बारीक कुंचल्याने सिरॅमिकच्या पुडीचा थर चढवते, मिक्सरएवढ्या विजेच्या भट्टीत भाजते, परत थर, परत भट्टी. एका दाताला तीन-चार फेऱ्या. पूड उडते म्हणून त्या खोलीत पंखा लावायची सोय नाही. त्यामुळे बाबांनी सहा वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. सासरा-सुनेचं वाकडं मुळीच नव्हतं, जेवताना दोघं एकमेकांची यथेच्छ थट्टा करत. पण भट्टी म्हटली की बाबा चार हात लांब.

अडचण होती विजेची. आठवड्यातून दोनदा तरी ती न सांगता जायची. जुना इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे यापलीकडे काही उचलत नसे. लांबच्या गाड्या चालवणारा मुलगा घरी आला तेव्हा म्हणाला, "घराला मोठी बॅटरीच लावून टाकू या, सगळं घर चालेल अशी." तो पुढच्या फेरीला निघून गेला आणि चार दिवसांनी बॅटरी बसवणारी बाई दारात उभी राहिली.

बाईच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. भिंतीवर रोखलं की लाल ठिपका पडायचा आणि मागे आकडा उमटायचा. ती म्हणाली, "हिला ऊन चालत नाही. ओल चालत नाही. उकाडा तर अजिबात सहन होत नाही. थोडा वारा हवा आणि समोर कुणी गर्दी करायची नाही."

"म्हणजे माझी सख्खी बहीणच," बाबा म्हणाले.

सुनेने तिला हॉल दाखवला, जिना दाखवला, शेवटी अडगळीची खोली दाखवली. बाबा हौसेने मागे मागे. बाईने आकडा बघून मान हलवली. "हीच त्यातल्या त्यात गार आहे, पण तरी जास्तच. उन्हाळ्यात वरचा पत्रा तापला की इथे ती टिकायची नाही. याहून गार भिंत नाहीच का घरात?"

"नाही," सून म्हणाली.

"मग अवघड आहे, ताई. नाही बसवता येणार."

"असू दे," सून म्हणाली आणि दाराकडे वळलीसुद्धा.

इथे बाबांनी गप्प बसायचं होतं. पण परक्या बाईने अडगळीची खोली सगळ्यात गार ठरवावी आणि आपण ऐकून घ्यावं? "कोण म्हणतं ही गार? सहा वर्षांपूर्वीच नापास केली मी हिला," ते म्हणाले. सुनेने डोळे मोठे केले. बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. बाईला थेट बोळात नेऊन त्यांनी भिंतीवर हात टेकला. "त्या खोलीपेक्षा चार अंश तरी कमी. लावा तुमचं पिस्तूल!"

लाल ठिपका पडला. चार अंश, वर थोडा.

"कमाल आहे आजोबा तुमची!" बाई म्हणाली. बाबांची छाती फुगली. "अगदी हिच्यासाठीच बांधल्यासारखी भिंत आहे. इथेच लावू. फक्त ही खुर्ची काढावी लागेल. समोर जागा मोकळी लागते."

आपण आपल्याच पायावर केवढा धोंडा पाडून घेतला, हे बाबांना आता कळलं.

"तिथे नाही," सून म्हणाली. "ती बाबांची जागा आहे. बॅटरी राहिली तर राहिली." बाई शनिवारपर्यंत कळवा म्हणून निघून गेली. बाबा खुर्चीत बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि तो पडल्याची त्यांना लाजही वाटत होती. सुनेने हा बोळ मुद्दामच दाखवला नव्हता, एवढं न कळायला ते काही दूधखुळे नव्हते.

गुरुवारी भर दुपारी वीज गेली. बोळात काहीच फरक पडला नाही. गारव्याला वीज लागत नाही. आतल्या खोलीतून मात्र पीं पीं असा आवाज आला आणि थांबला. बाबा उठले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या दारात जाऊन उभे राहिले.

सून चिमट्यात दात धरून उजेडाकडे बघत होती. तो उकडलेल्या अंड्यासारखा मेणचट पांढरा दिसत होता, कडेला एक बारीक चीर. तिने तो पत्र्याच्या डब्यात टाकला. डबा निम्मा भरलेला होता.

"हे सगळे असेच?" बाबांनी विचारलं.

"या वर्षातले," ती म्हणाली आणि रिकामा साचा पुढे ओढून पुन्हा पहिला थर द्यायला बसली.

एका वर्षी बेकरीत भट्टीचा घुमट आत खचला होता. वर करपलेले आणि आत कच्चे असे तीनशे पाव बाबांनी एकट्याने बाहेर ओढले होते आणि मग भिंतीकडे तोंड करून रडले होते. घरी त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आता त्यांना भयंकर वाईट वाटलं. इथे डबा भरत होता आणि आपण दहा पावलांवर वारा खात होतो! त्यांनी तिथल्या तिथे बाईला फोन लावला. "त्याच भिंतीवर लावा. खुर्ची मी काढतोय."

सुनेने कुंचला खाली ठेवला. "बाबा, तुम्ही एकोणचाळीस वर्षं उकाड्यात काढलीत. ती जागा तुमची आहे."

"सूनबाई, भट्टी अर्ध्यात विझली की काय होतं, ते या घरात मी नाही ओळखणार तर कोण?"

बॅटरी आली, भिंतीवर चढली आणि हूं की चूं न करता तिथे नांदू लागली. खुर्चीला मात्र घर राहिलं नाही. हॉलमध्ये टीव्हीची झळ लागते म्हणून तक्रार, ओसरीत ऊन येतं म्हणून तक्रार. आठवडाभर बाबांनी घर डोक्यावर घेतलं. मग एका दुपारी खुर्ची गुपचूप सुनेच्या खोलीच्या दारात येऊन थांबली. इथे जरा झुळूक असते, असं बाबांचं म्हणणं पडलं. तिथे झुळकीचं नावसुद्धा नव्हतं.

ते घाम पुसत बघत बसायचे. भट्टीचं झाकण खाली जायचं, वर यायचं, थरामागून थर चढायचे. एका मंगळवारी सुनेने चिमट्याने दात बाहेर काढला, निववला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. कोमट होता, कडेला काचेसारखा आरपार. बाबांनी तो नखाने वाजवून बघितला. "आतपर्यंत झालाय," ते म्हणाले. मग सहज म्हणाले, "वीज गेली होती."

"कधी?"

"मघाशी. शेजारचा पंप बंद पडला ना, तेव्हाच. अर्धा तास तरी नव्हती."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुझा हात थरावर होता," बाबा म्हणाले. "भट्टी चालू असताना भट्टीवाल्याशी बोलायचं नसतं."