बोधचिन्हातलं कणीस

शाळेत आयुष्य काढलं की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर साचतात. कितीही झटका, बाहीत थोडे उरतातच. आमच्या कॉन्व्हेंटच्या बोधचिन्हाचेच बघा.

त्यात चार खण. क्रूस, दिवा, उघडं पुस्तक आणि गव्हाची ओंबी, म्हणजे प्रभूची भाकर. ते रंगवायचं काम चित्रकलेच्या टीचरकडं आलं. तिनं ओंबीच्या जागी ज्वारीचं कणीस काढलं! तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या, "टीचर, हा गहू नाही."

"सिस्टर, इथं भाकर ज्वारीची असते."

सिस्टर पोटभर हसल्या. कणीस राहिलं. टीचर म्हणजे सुनंदा, माझी बायको. मी तिथंच मराठी शिकवतो.

*

ॲडमिशनच्या दिवसांत पेडगावचे एक पालक फाटकावरच्या बोधचिन्हाकडं बघत बराच वेळ उभे. मला वाटलं, क्रूस खटकला. जवळ गेलो तर म्हणाले, "सर, हे कणीस हायब्रीडचं दिसायलंय. आपलं गावरान असं ताठ न्हाई ऱ्हात, मानंतून वाकतंय."

सुनंदानं रविवारी शिडी लावून कणीस वाकवलं.

*

गल्लीतल्या किराणावाल्या अप्पांच्या गळ्यात लिंग. सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नाहीत. त्यांनी नातीला आमच्याकडं घातलं, तेव्हा दुकानात एकानं डिवचलंच. अप्पा तराजू न सोडता म्हणाले, "दिवा हाय, पोथी हाय, कणीस हाय. तीन घरचेच हायेत. चौथा पाहुणा म्हणून ऱ्हाऊ द्या की."

*

सुनंदा गेली. शोकसभेत नवे मुख्याध्यापक फादर म्हणाले, टीचर या बोधचिन्हातून कायम आपल्यात राहतील. पुढच्या जूनला कॉम्प्युटरवर केलेलं नवं बोधचिन्ह आलं. कणीस त्यातून वगळलेलं. मला केबिनमध्ये बोलावून त्यांनी नीट समजावलं, "सर, गणवेशाच्या भरतकामात ते सुरवंट दिसायचं."

ओंबी नंतर टाकू म्हणाले होते. तोवर बॅज तयार होऊन आले. चौथा खण कोराच.

*

आता माहितीपत्रकात प्रत्येक खणाचा अर्थ द्यावा लागतो. काम अर्थातच मराठीच्या शिक्षकाकडं. मी विचारलं, कणीसच परत घालता येईल का? फादर म्हणाले, भावना समजते, पण बॅज वाटून झाले.

मी लिहून दिलं : 'कोरा खण, नम्रतेचे प्रतीक.'

स्टाफरूममध्ये वाहवा झाली. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, लय भारी सुचतं तुम्हाला!"

*

परवा बाहेरून मोठे पाहुणे आले. प्रार्थनेनंतर त्यांनी चौथीतल्या पोखर्णीच्या एका मुलीला पुढं बोलावून बोधचिन्हाचा अर्थ विचारला. क्रूस म्हणजे त्याग, दिवा म्हणजे प्रकाश, पुस्तक म्हणजे ज्ञान. तिनं घडाघडा सांगितलं.

"आणि हा कोरा?"

मी मागून हळूच 'नम्रता' म्हणालो. तिनं वळूनही बघितलं नाही.

"तिथलं कणीस पाखरांनी खाल्लं," ती म्हणाली. "राखायला टीचर न्हाईत ना आता."