राणीच्या डावीकडे

"हलू नको गो," हे तिचं पालुपद. समोर कोणीही असो, आधी खांदे धरून सरळ करायची, मग बोलायची. वाकोल्यात ती आमच्या मागच्या इमारतीत राहायची. मी सिनेमाच्या कपडेपटात, ती ज्युनिअर आर्टिस्ट. अर्धं आयुष्य आम्ही दोघींनी एकाच राणीच्या आसपास काढलं.

राणी दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या घरातली. दर काही वर्षांनी कोणाला तरी तिच्यावर काहीतरी काढायचा झटका येतो. तुम्ही त्यातलं एखादं पाहिलं असेल, तर हिलाही पाहिलंय. सिंहासनाच्या डावीकडे चवरी ढाळणारी दासी. लक्ष गेलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, कोणाचंच जात नाही.

कॅमेऱ्यासमोर ती दगड. "कट" ऐकलं की अंगात भिंगरी. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायची. "बस की जरा," मी वैतागून म्हणायचे.

"बसण्यासारखी खुर्ची एकच, आणि त्यावर दुसरीच बसलीय ना!"

हसत म्हणायची. पण नवी राणी येणार असं कळलं की मला बाजूला घेऊन विचारायची, "माझ्या मापाची कोण हवी असेल तर माझं नाव सांग हां." मी दर वेळी हो म्हणायचे आणि कोणालाच काही सांगायचे नाही.

राण्यांची तिला पाठ तेवढी माहीत. हत्तीघोड्यांचा तो भव्य सिनेमा आला तेव्हा सगळे राणीच्या दागिन्यांवर खूश. ही म्हणाली, "मागून बघ. चोळीला बारा पिना. श्वास घेता येत नाय तिला, राज्य काय करणार?" पिना मीच लावल्या होत्या. मग मालिकेतली राणी आली, ती संवाद मांडीवरच्या कागदावरून वाचायची. "हिची मान बघ, कायम खाली. राणी कसली, परीक्षेला बसलीय."

मग साकीनाक्याच्या एका बंद गाळ्यात काही तरुण मुलांनी त्याच राणीवर सिनेमा काढला. पटकथा नाही, परवानगी नाही, शेजारी लेथचा खडखडाट. सुचेल ते बोलायचं. दिग्दर्शिका पंचविशीची, तिने राणी म्हणून हिलाच घेतलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर मी जुना शालू टाकला, हिच्या डोक्यावर मुकुट बसवला.

"नीट दिसतेय ना गो?"

"झकास," मी म्हटलं, आणि खरंच दिसत होती.

"ॲक्शन" झालं. दासी झालेली कॉलेजची मुलगी चवरी घेऊन आली, आणि ही ताडकन उठली. मुलीच्या हातातून चवरी घेतली, खुर्चीच्या डावीकडे उभी राहिली आणि रिकाम्या खुर्चीवर ढाळू लागली. सवय, दुसरं काय! कोणी कट म्हणेना. मग ती खुर्चीशी बोलू लागली, "बाईसाहेब, इतकी वर्षं उभी आहे. एकदा तरी मागे वळून बघायचं होतं." आम्ही सगळे रडलो.

कट झाल्यावर ती भानावर आली. "वाट लागली ना? आणखी एक टेक घे गं बाळा. आता नाय उठणार."

"मावशी, याहून भारी काही होणारच नाही!" दिग्दर्शिकेने तिला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

पॅकअप सुरू झालं. मी मुकुट काढत असताना ती हळूच म्हणाली, "टाळ्या पण दासीलाच पडल्या बघ."

त्यानंतर तिने काम सोडलं. चारकोपला लेकीकडे गेली आणि गेल्या वर्षी तिथेच वारली. सिनेमा अजून छोट्या छोट्या खोल्यांत दाखवतात. लोक मला येऊन सांगतात, काय सुचलं हो त्या बाईंना, खुर्ची सोडून उठायचं! मी मान डोलावते आणि मनातून चरफडते. ती खुर्चीवर बसायला आली होती. लाइट चालू होते, मुकुट अजून माझ्याच हातात होता. माझं त्या पोरांनी ऐकलंही असतं. आणखी एक टेक घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं.