मागच्या बाकावरच्या रामपाईबाई

रामपाईबाई आमच्या शाळेत आल्या त्या स्वयंपाक आणि शिवण शिकवायला. जवळच्या महासारखाम शहरातल्या अध्यापक विद्यालयात त्या तेच शिकल्या होत्या. दोनेक वर्षांनी इंग्रजीचे मास्तर बदली घेऊन आपल्या गावी गेले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना फळ्यावर एकेक ओळ इंग्रजी लिहायला लावली. बाईंचं अक्षर सगळ्यांत वळणदार निघालं आणि इंग्रजी त्यांच्या गळ्यात पडलं. "नवीन माणूस येईपर्यंत" असं ठरलं होतं. त्याला आता वीसेक वर्षं होत आली.

मी याच शाळेत संगणक शिकवतो. प्रिंटर अडला, माइक खरखरला, कार्यक्रमाचं चित्रीकरण करायचं झालं, की मलाच हाक येते. त्यामुळे बाईंच्या वर्गात माझं जाणंयेणं पुष्कळ. बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या, त्याचा अर्थ आमच्या इसान भागातल्या बोलीत सांगायच्या, मुलं ते उतरवून घ्यायची आणि मग सगळी एका सुरात म्हणायची. परीक्षेत चार पर्यायांतला बरोबर पर्याय कसा हुडकायचा हे बाई इतकं छान शिकवायच्या, की तालुक्यात आमचे गुण कधी तळाला गेले नाहीत. व्याकरण त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त कुणी इंग्रजी बोलायला लागलं, की त्यांच्या कानावरून ते थांब्यावर न थांबणाऱ्या बससारखं निघून जायचं. बोलणारं माणूसच कधी समोर आलं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मग जोव्हलिन आली. फिलिपिन्सची, तिशीची, हसतमुख. एका एजन्सीने तिला वर्षाच्या कराराने आमच्याकडे पाठवलं होतं. नवीन मुख्याध्यापकांनी ठरवलं की आठवीला ती शिकवेल आणि रामपाईबाई मागच्या बाकावर बसून तिला मदत करतील.

पहिल्या दिवशी जोव्हलिन पाच मिनिटं बोलली. बँक, आईस, ऑयल, फिल्म अशी सगळी मुलं हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. (आमच्याकडे मुलांना अशी इंग्रजी टोपणनावं ठेवायची पद्धत आहे, त्याचा इंग्रजी येण्याशी संबंध नाही.) ती बोलायची थांबली आणि सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

"बाई, काय म्हणाल्या त्या?"

बाईंना निम्मं कळलं होतं. उरलेलं त्यांनी, आमटीत मीठ घालतात तसं, अंदाजाने घातलं.

पुढचे चार महिने हेच चाललं. जोव्हलिनने झोपायच्या खोलीचं चित्र काढायला सांगितलं, बाईंनी घराचं सांगितलं. पंचवीस घरं समोर आली तेव्हा जोव्हलिन जरा गोंधळली, पण 'छान' म्हणाली. वयाने मोठ्या बाईंना मुलांदेखत कसं विचारायचं, हा तिचा संकोच. आणि पुन्हा सांग म्हणायचं तर आपल्याला कळत नाही हे उघडं पडणार, ही बाईंची भीती. मुलं दोघींना मान द्यायची, त्यामुळे तीही काही विचारायची नाहीत. वर्गात कधी भांडण नाही, आवाज नाही. मुख्याध्यापक खिडकीतून बघून खूश व्हायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत बाई मला म्हणाल्या, "नत, तुला तिचं सगळं कळतं का रे?"

"बरंचसं कळतं. संगणकाचं शिकताना सगळे व्हिडिओ इंग्रजीतच बघायचो."

"मला नाही कळत." त्यांनी चिकट भाताचा गोळा बोटांनी दाबला आणि तसाच हातात धरला. "कुणाला सांगू नकोस. मुलं माझ्याकडे अशी बघतात ना, मी तोंडाला येईल ते सांगून टाकते."

"मग सरांना सांगा, मला स्वयंपाकाच्या खोलीत परत पाठवा म्हणून."

"सांगितलंय. ते म्हणतात, निरीक्षकांपुढचा पाठ चांगला होऊ दे. जोव्हलिन एकटी सांभाळते असं त्यांना दिसलं, की इंग्रजी तिला आणि चूल तुम्हाला."

बाईंचं सगळं त्या एका पाठावर येऊन थांबलं होतं. तो नीट झाला की त्या सुटणार, आणि कुणाला काही कळायच्या आत सुटणार.

निरीक्षकांपुढचा पाठ म्हणजे आमच्याकडे आठवडाभर तालीम असते. कोण हात वर करणार, कोण कुठलं उत्तर देणार, सगळं आधी बसवलेलं. 'मी सकाळी उठतो, दात घासतो, शाळेत येतो' हे आठवीला झोपेतही म्हणता येत होतं. पाठ गुरुवारी होता. फक्त सोमवारच्या तालमीत जोव्हलिनने शेवटी काहीतरी जास्तीचं सांगितलं. माना मागे वळल्या. म्हातारं माणूस, घर, वर्ग, गुरुवार एवढं बाईंच्या हाती लागलं होतं. त्यांनी ते जोडलं.

"गुरुवारी वर्गात येताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन या."

"आजीला?" ऑयलने विचारलं.

"आजी असेल तर आजी."

कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या गावात आईबाप बँकॉकला कामाला असतात आणि पोरं आज्याच वाढवतात. शाळेत पालक म्हणून त्याच येतात. बँकच्या आजीने ही गोष्ट गावच्या मुखियाला सांगितली आणि बुधवारी भल्या सकाळी, तांदळाच्या भावाच्या आणि नळाच्या पाण्याच्या सूचनांमध्ये, गावच्या भोंग्यावरून जाहीर झालं की आठवीतल्या मुलांच्या आज्यांनी उद्या शाळेत जावं. मुख्याध्यापकांनी घरी दाढी करता करता ते ऐकलं. त्यांना वाटलं ही बाईंची आणि जोव्हलिनची योजना. दुपारपर्यंत त्यांनी पाठासाठी लावलेला फलक बदलून घेतला. पाठाच्या नावाखाली 'शाळा आणि गाव हातात हात' अशी ओळ आली. भोंगा जोव्हलिननेही ऐकला असणार, पण तिला आमची भाषा येत नव्हती.

गुरुवारी ती वर्गात शिरली तर भिंतीलगत चटईवर अकरा आज्या बसलेल्या. ठेवणीतली रेशमी लुंगीवजा वस्त्रं, पाय एका बाजूला दुमडलेले, पानाच्या डब्या, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. बाहेर चपलांची रास. मागच्या बाकांवर तीन निरीक्षक, शेजारी मुख्याध्यापक. बाईंना मागे जागाच उरली नाही, म्हणून त्या माझ्या कॅमेऱ्याशेजारी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. जोव्हलिनने त्यांच्याकडे पाहिलं. बाई हसल्या. जोव्हलिनही हसली, पण तिच्या हातातला खडू खाली पडला.

तालमीचा भाग सुरळीत झाला. मग जोव्हलिन जरा थबकली, आणि सरळ ऑयलच्या आजीपुढे, म्हणजे खामपोंग आजीपुढे, जमिनीवर बसली. हात जोडून तिने इंग्रजीत विचारलं, की लहानपणी तुमची शाळा कशी होती.

वर्गाने मागे पाहिलं. मागे निरीक्षक होते. बाई कुठे आहेत हे मुलांनी शोधेपर्यंत आजीच म्हणाली, "अगं ऑयल, काय विचारतेय ही पोरगी? सांग की. तू शिकतेस ना?"

ऑयल लाल झाली. पण आजी थांबायला तयार नव्हती, म्हणून ती पुटपुटली, "तुझी शाळा कशी होती म्हणतात."

"माझी शाळा? देवळाच्या मांडवात होती. गुरुजी यायचे शहरातून. ते शहरी बोलायचे, आम्हाला आपली बोली सोडून काही कळायचं नाही. चार वर्षं गेले मी. चारही वर्षं नुसती मान डोलवली. गुरुजी म्हणायचे, हुशार आहे मुलगी."

आज्या खदखदून हसल्या. एक म्हणाली, "तू हुशार? माझं बघून डोलवायचीस मान."

"आणि तू कुणाचं बघायचीस?"

आता हे जोव्हलिनला सांगायचं होतं. ऑयलने एकदा बँककडे पाहिलं, एकदा छताकडे. मग मोडक्या इंग्रजीत एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आजी शाळा. आजी समजत नाही. चार वर्षं. आजी हो म्हणते."

मी आठवीचे सगळे पाठ चित्रित केले होते. कुणी न बसवलेलं वाक्य त्या वर्गात मी पहिल्यांदा ऐकलं. निरीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेऱ्यातून नजर काढून बाजूला पाहिलं तर बाई टाळ्या न वाजवता खामपोंग आजीकडेच बघत होत्या.

फोटो झाले, सगळ्यांनी अंगठे वर केले, आज्यांनी निरीक्षकांना आग्रह करकरून भात खायला घातला. गर्दी पांगल्यावर जोव्हलिन माझ्याजवळ आली आणि तिने विचारलं, आज्यांना बोलावायची कल्पना कुणाची. तिने सांगितलं होतं ते वेगळंच. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोला आणि त्यांनी काय सांगितलं ते गुरुवारी वर्गात सांगा.

ती चिडली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणालो, विचारून सांगतो.

बाई स्वयंपाकाच्या खोलीत आज्यांचे डबे धूत होत्या.

"बाई, जोव्हलिनने आज्यांना आणायला सांगितलंच नव्हतं."

"मग कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

नळ तसाच वाहत राहिला. मी पुढे होऊन बंद केला.

"सगळंच चुकलं?"

"चुकलं असं कसं म्हणू? निरीक्षक तर खूश होऊन गेले."

"तेच विचारतेय मी. चुकलं की नाही चुकलं?"

संगणकाला चुकीची आज्ञा दिली तर तो चालत नाही, किंवा चुकीचं काहीतरी करतो. इथे आज्ञा चुकीची होती आणि निघालं ते मी त्या वर्गात पाहिलेलं सगळ्यांत चांगलं होतं. पुन्हा करायला जावं तर काय करायचं, तेही ठाऊक नाही.

बाई तशाच ओल्या हातांनी मुख्याध्यापकांकडे गेल्या. मी दाराशी थांबलो.

"सर, मला इंग्रजीतून मोकळं करायचं तुम्ही कबूल केलं होतं. पाठ चांगला झाला."

"चांगला? रामपाईबाई, निरीक्षक म्हणाले अशी पद्धत त्यांनी जिल्ह्यात पाहिली नाही. पुढच्या महिन्यात बाकीच्या शाळांचे शिक्षक इथे येणार आहेत. तुम्ही त्यांना शिकवायचं."

"काय शिकवायचं?"

"हेच की."

"सर, ती चूक होती. जोव्हलिन एक बोलली आणि मला दुसरंच कळलं. मला तिचं बोलणं कळत नाही. पहिल्या दिवसापासून कळत नाही."

मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पंखा बाईंकडे वळवला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, मलाही कळत नाही. म्हणून तर तुम्हाला मागे बसवलं."

बाई बाहेर आल्या. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "नत, आता मी सुटले की अडकले?"

"मलाही नाही समजत."

"सगळ्यांनाच काही समजत नाही आणि सगळेच खूश आहेत. ही कसली शाळा?"

दुसऱ्या दिवशी आठवीचा तास होता. निरीक्षकांना द्यायची चित्रीकरणाची प्रत करण्यासाठी मी वर्गातल्या संगणकापाशी बसलो होतो, म्हणून पुढचं पाहायला मिळालं. जोव्हलिन काहीतरी लांबलचक बोलली. पंचवीस माना मागे वळल्या.

बाई उभ्या राहिल्या.

"मला नाही कळलं," त्या म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

मुलांना वाटलं बाई रागावल्या. बँकने ऑयलला कोपर मारलं. जोव्हलिनला शब्द कळले नाहीत, पण काय झालं ते कळलं असावं. ती खडू घेऊन वाट बघत उभी राहिली. बाई बसल्या, आणि मग त्यांनी स्वतःच हात वर केला, मुलं करतात तसा, आणि वीस वर्षं फळ्यावर ज्या सावकाशीने वळणदार अक्षर काढलं त्याच सावकाशीने, एकेक शब्द सुटा करून, इंग्रजीत जोव्हलिनला पुन्हा सांगायला सांगितलं.

जोव्हलिनने सांगितलं. नाही कळलं. पुन्हा सांगितलं, या वेळी हळू. ऑयलने काहीतरी विचारलं, ते चुकलं. फिल्मने विचारलं, तेही चुकलं. मग फळ्यावर चित्र आलं, हातवारे झाले, हशा झाला. एका वाक्यात सगळा तास गेला. पुस्तकाचं पान उलटलंच नाही.

घंटा झाल्यावर मुख्याध्यापक खिडकीपाशी आले.

"बाई, आज वर्गात एवढा आवाज कसला? आणि धडा कुठवर आला?"

"धडा तिथेच आहे, सर."

"मग तासभर केलंत काय?"

बाईंनी जोव्हलिनकडे पाहिलं. जोव्हलिनला प्रश्न कळला नव्हता. ती हसली.

"ते मलाही नीट सांगता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या बाकावर बँकच्या शेजारी जागा आहे का ते बघायला लागल्या.