जोडून द्यायचं, ऐकायचं नाही

रोज दुपारी आकडे वाचायच्या आधी अण्णा एक घोट पाणी पीत. तहान लागली म्हणून नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली होती आणि पाळीवर बसण्याआधी घसा ओला करायची सवय तिथली. कोरड्या घशातून निघालेला सात समोरच्याला साठ ऐकू जातो, असं ते सांगत. पाणी पिऊन झालं की ते थोरल्या लेकीला तिच्या ऑफिसात फोन लावत आणि जोडीजोडीने म्हणत, "चौऱ्याऐंशी. सतरा. शून्य पाच…" थोरलीने आकडे तसेच परत म्हणायचे. एक जरी घाईत गिळला तरी अण्णा पहिल्यापासून सुरू करत.

"अहो अण्णा, कळला मला."

"कळला असेल. म्हणून दाखव."

थोरली कापडाच्या एका गोदामात आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवायची. शेजारच्या टेबलावरचा कारकून डबा उघडता उघडता रोज विचारायचा, "काय, झाली का वडिलांकडची हजेरी?" ती हसून मान डोलवायची आणि ब्राउझरमध्ये एक पान उघडायची. या पानाची गंमत होती. ना ते विकत घ्यायचं, ना त्याचं काही शिकायचं. अण्णांच्या कॉम्प्युटरवर तेच पान उघडलं की तिथे ठळक, मोठ्या आकड्यांत एक नवा क्रमांक येई. तो क्रमांक थोरलीने इथे भरायचा, तिकडे अण्णांनी परवानगीचं बटण दाबायचं. मग वडिलांचा अख्खा पडदा तिच्या टेबलावर येई. तिने इथे माऊस हलवला की तिथला बाण हले.

हे सगळं कशासाठी, तर धाकटीच्या पत्रांसाठी.

अण्णांच्या डोळ्यांचा मधला भाग अधू झाला होता. कडेचं दिसे, समोरचं पुसट. धाकटीची ईमेल थोरलीने लांबून उघडून द्यायची, अक्षरं तळहाताएवढी करायची, मग अण्णा ती आपली आपण वाचत. वाचून दाखवलेलं त्यांना चालत नसे. "पत्र माझं आहे ना? तू तुझी पोळी खा."

तोवर ते पडद्याकडे बघतही नसत. थोरलीचा बाण फिरू लागला की ते खुर्ची भिंतीकडे फिरवत. हेही एक्स्चेंजचंच. दोन माणसं जोडून दिली की आपण कान काढून घ्यायचा. मध्ये राहिलेला ऑपरेटर आणि दाराला कान लावणारा शेजारी, त्यांच्या लेखी दोघे सारखेच. घरातही तीच भाषा. लहानपणी दोघी बहिणी भांडायला लागल्या की ते म्हणायचे, "एकेकीने बोला, क्रॉस कनेक्शन होतंय." आई हयात होती तेव्हा ती त्यांना चिडवायची, "यांच्याशी लग्न केलं तेव्हा वाटलं माणूस मिळाला, निघाला तारेचा खांब."

विचारल्याशिवाय आत यायचं नाही, हाही त्यांचाच नियम. अण्णा एकटे राहतात, कधी पडले-झडले तर, म्हणून थोरलीने क्रमांकाशिवाय आत येण्याची एक कायमची सोय करून ठेवली होती. अण्णांना सांगूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी पिऊन आकडे सांगितले. ती सोय तिने कधी वापरली नव्हती.

धाकटी कुठे राहते हे थोरलीला ठाऊक होतं, आणि अण्णांना. तिसऱ्या कुणाला कळता कामा नये, कारण धाकटी नवऱ्याच्या घरातून जीव वाचवून निघाली होती. एक हात गळ्यात बांधलेला, अंगावरच्या कपड्यांनिशी. निघताना नवरा तिला म्हणाला होता, शोधून काढीन. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्याचं बोलणं नेहमी हळू आणि आदराचं असे, आणि धाकटीला सगळ्यात जास्त भीती त्याच बोलण्याची वाटे.

मध्यंतरी एकदा तो अण्णांकडे येऊन गेला होता. चपला नीट बाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर बसून त्याने विचारलं, "कुठे आहे ती?"

अण्णांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांच्या तोंडून एक्स्चेंजमधलं वाक्य निघालं. "या नंबरवरून उत्तर मिळत नाही."

जावई हसला. उठताना त्याची नजर कॉम्प्युटरवर गेली. "या वयात बरं शिकलात हो," असं तो म्हणाला, तेव्हा अण्णा बोलून गेले, "मी नुसते आकडे सांगतो, बाकी थोरली ऑफिसातून करते." मान डोलवून तो गेला. त्या संध्याकाळी अण्णांनी थोरलीला हे सांगितलं तेव्हा तिने बजावलं, यापुढे त्याला दारात उभं करू नका. पण त्यानंतर काही झालं नाही. दिवस गेले, आणि काही होत नाही याचीही माणसाला सवय होते.

पत्रांत गावाचं नाव नको, रस्त्याचं नको, हे बहिणींनी ठरवलं होतं. धाकटी लिहायची ती आमटी करपल्याचं, शेजारणीच्या मांजराचं, हात आता पूर्ण सरळ होतो याचं. अण्णाच एकदा म्हणाले, नुसत्या अक्षरांनी पोट भरत नाही, एखादा फोटो धाड. तिने धाडला. पायरीवर बसलेली धाकटी, मांडीवर मांजर, खूप दिवसांनी दात दिसतील असं हसू. तिच्या मागे रस्त्यापलीकडे एका दुकानाची पाटी अर्धी आली होती. थोरलीला ती पाटी दिसलीही होती. पण इतक्या दिवसांनी हसणारी बहीण बघताना पाटीकडे कोण बघतं?

त्या दुपारी अण्णांचा फोन आला नाही.

थोरलीने लावला तर लाईन व्यस्त. थोड्या वेळाने पुन्हा लावला. व्यस्त. अण्णा फोनवर कधी लांबण लावत नसत. रिसीव्हर हातातून पडून लोंबकळत असेल, आणि खाली अण्णा. तिच्या डोळ्यांसमोर तेच आलं. कारकुनाने विचारलं, "आज हजेरी नाही?" कायमच्या सोयीचा सांकेतिक शब्द टाकून ती पहिल्यांदाच, न विचारता, वडिलांच्या पडद्यावर गेली.

बाण हलत होता.

क्षणभर तिला हायसं वाटलं. म्हणजे अण्णा बरे आहेत. मग तिने तो बाण नीट पाहिला. अण्णांचा बाण अडखळत, चाचपडत जायचा. हा सरळ जात होता. मेल उघडी होती. शोधायच्या चौकटीत धाकटीचं नाव होतं, तेही लग्नानंतरचं, जे घरात कुणी कधी घेत नसे. एकामागून एक पत्रं उघडत होती आणि मिटत होती. मग फोटो आला. पायरी, मांजर, हसू. फोटो मोठा होऊ लागला. धाकटीचा चेहरा पडद्याबाहेर सरकला, मांजर सरकलं, आणि पाटीची अक्षरं वर येऊ लागली.

थोरलीने झडप घातल्यासारखा माऊस धरला आणि फोटो मिटवला. तो पुन्हा उघडला. तिने मिटवला, पुन्हा उघडला. एकच बाण आणि त्याला ओढणारे दोन हात, जसं एकाच दाराची कडी आतून-बाहेरून कुणी खेचावी. तिने कॉम्प्युटर बंद करायची आज्ञा दिली. पडद्यावर प्रश्न आला, खरंच बंद करायचा का? तिचा बाण 'हो'कडे निघाला आणि वाटेतच कुणीतरी 'रद्द' दाबलं.

मग तिने एक कोरं पान उघडलं, अक्षरं सगळ्यात मोठी केली आणि लिहिलं: अण्णा फोन ठेवा. वायर काढा.

काही झालं नाही. आणि का झालं नाही, ते तिला कळलं. अण्णा खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले होते. दुसऱ्याचं काम चालू होतं ना! ते बघत नव्हते, शिस्तीने.

तेवढ्यात त्या कोऱ्या पानावर, तिच्या अक्षरांखाली, दुसरी अक्षरं उमटली. सावकाश, एकेक.

ताई, तुम्ही का?

तिला ताई म्हणून अहो-जाहो करणारा तो एकच होता.

तिच्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण कारकून डबा सोडून उठला. "काय झालं हो?" तिने हातानेच त्याला थांबवलं. समोरचं पान नाहीसं झालं आणि त्या जागी पुन्हा फोटो आला. अक्षरांनी काम होणार नव्हतं, आवाज हवा होता. तिने तिकडचा आवाज पूर्ण वर नेला, ब्राउझरमध्ये जुन्या फोनची घंटा शोधली आणि वाजवली. इथे तिला काही ऐकू येत नव्हतं. वडिलांच्या खोलीत ती घंटा किंचाळत असेल, एवढंच ती मनात धरू शकत होती. तिने कोरं पान पुन्हा वर आणलं. ते खाली गेलं. तिने आणलं. अण्णा वळतील तेव्हा नेमकं कोणतं पान वर असेल, हे तिच्या हातात नव्हतं.

पडदा काळा झाला. जोडणी तुटली, असं त्यावर लिहून आलं.

तिने फोन लावला. पहिल्याच घंटेला अण्णांनी उचलला. त्यांना धाप लागली होती.

"ओढली वायर. हातात रिसीव्हर असताना घंटा कशी वाजेल, म्हणून वळलो. बाळ, आत कोण होतं?"

"तुमच्याशी कोण बोलत होतं?"

"तुझ्या ऑफिसातली मुलगी. म्हणाली ताई कामात आहे, आज पत्र मी उघडून देते. आवाज गोड होता गं. मी आकडे सांगितले, तर तिने जोडीजोडीने परत म्हणून दाखवले. एकदाही चुकली नाही. म्हणून मी बटण दाबलं."

त्यांना फसवणारा आवाज गोड होता म्हणून ते फसले नव्हते. आकडे बरोबर परत म्हणणारं माणूस त्यांना आपल्यातलं वाटलं होतं. ती मुलगी कोण होती हे पुढेही कळलं नाही.

"अण्णा, तो होता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दाराला कडी लावा. मी येते," असं म्हणून तिने धाकटीला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "निघ. आत्ता." धाकटीने का म्हणून विचारलं नाही. तिच्या मागे नळ वाहत होता, तो बंद झाल्याचं थोरलीने ऐकलं. उन्हं उतरायच्या आत धाकटी तिथून निघालेली होती. मांजर शेजारणीचं होतं, ते तिथेच राहिलं.

पाटी त्याला वाचता आली की नाही, हे कुणालाच कधी कळलं नाही. या न कळण्याने मात्र पुढचे सगळे दिवस खाल्ले. धाकटीने पुन्हा नवी खोली शोधली, नवं काम शोधलं. रस्त्यात मागून कुणाची पावलं जवळ आली की ती दुकानात शिरायची. थोरली घरी जाताना वाट बदलायची. अण्णा तर दाराची घंटा वाजली तरी दचकत. एकदा दूधवाला कंटाळून जिन्यावरूनच ओरडला, "काका, मी आहे हो, रोजचाच!" तरी त्यांनी कडी काढली नाही.

त्या रात्री आणि नंतरही थोरलीने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनीच एक दिवस सांगितलं, "नवा पत्ता मला सांगू नका. गावही नको. मी विचारलं तरी सांगू नका."

"अण्णा, असं काय करता? चूक तुमची एकट्याची आहे का?"

"चुकीचं नाही बोलत मी. मला खोटं बोलता येत नाही आणि आवाजाला मी भुलतो. असल्या माणसाजवळ ठेवू नये."

पत्रं बंद झाली. कॉम्प्युटर थोरलीने आपल्या घरी नेला. त्याच्या टेबलावर अण्णा आता औषधं ठेवत. बोलणं व्हायचं ते थोरलीमार्फत. ती गोदामाच्या मागच्या खोलीत जाऊन एका फोनवर अण्णांना लावी, दुसऱ्यावर धाकटीला, आणि दोन्ही फोन उलटसुलट एकमेकांना चिकटवून हातात धरी. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखे येत. पण अण्णांचा कान तरबेज होता. नोकरीत असताना माणसाच्या मागचा गलबला ऐकून ते गाव सांगत. कुठे गिरणीचा भोंगा, कुठे बंदरावरची शिटी. सहकारी त्यांच्याशी पैजा लावत आणि हरत.

अण्णा गेले त्याच्या आदल्या आठवड्यातला हा एक फोन. झोपेतच गेले, शांतपणे, म्हणून शेवटचं असं काही बोलणं झालं नाही. त्या दिवशी धाकटी उत्साहात होती. तिला बढती मिळाली होती आणि ते सांगताना ती भराभर बोलत होती. तिच्या मागे कसलीशी घंटा झाली, कुणीतरी लांबलचक हाळी दिली, मग एक जड यंत्र घरघरू लागलं. थोरलीच्या हातातले फोन गरम झाले होते. अण्णांनी मुलीला मध्येच थांबवलं. आजवर त्यांनी कुणाचं बोलणं असं तोडलं नव्हतं.

"थांब, बाळ. आधी ती खिडकी लाव, मग सांग."